पोटोमॅक कालवापथ

पोटोमॅक कालवापथ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोटार-वाहतूकमुक्त सायकल व पदपर्यटनाचा एक प्रसिद्ध मार्ग. वॉशिंग्टन शहराच्या जॉर्जटाउन भागापासून मेरिलंड राज्यातील कंबर्लंडपर्यंत पोटोमॅक नदीच्या डाव्या तीरावरून तो गेला असून त्याची लांबी सु. २९७ किमी. आहे. ही वाट सायकलींसाठी म्हणून कोणी बांधली नाही. चेसापीक अँड ओहायओ या कालव्यातून जाणाऱ्या कोळशाच्या नावा काठावरून चालणारी खेचरे दोराने ओढीत असत. त्या खेचरांसाठी बांधलेली ही ‘ओढवाट’ होय. कालवा १९२४ मध्ये बंद पडला, वाट मात्र राहिली. ती मोटार-रस्त्याखाली जाणार की माणसांच्या पायांना व सायकलींना मोकळी राहणार, हा प्रश्न १९५० नंतरच्या दशकात मोठ्या चुरशीने लढविला गेला. नदीखोऱ्यातील वाहतूकमुक्त सायकल पर्यटनाच्या इतिहासात या खोऱ्याला जे स्थान आहे, ते निसर्गशोभेइतकेच या लढ्यामुळेही आहे.

पोटोमॅक नदी ॲपालॅचिअन पर्वतरांगा एकामागून एक भेदीत आग्नेयीकडे वाहते आणि शेवटी चेसापीक उपसागरास मिळते. पर्वतांच्या पलीकडील ओहायओ नदीचे सुपीक खोरे अटलांटिक किनाऱ्याशी जोडावयाचे तर हीच नैसर्गिक वाट, असे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे आग्रही मत होते. १७८५ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली ‘पोटोमॅक कंपनी’ स्थापन झाली. नदीचे पात्र साफ करणे व धबधब्यांना वळसा घालणारे छोटे कालवे खोदणे एवढाच तिचा उपक्रम होता. वॉशिंग्टन शहराच्या वरच्या बाजूस असलेल्या ग्रेट फॉल्स येथे नदी दीड किमी.हून कमी अंतरात सु. २३ मी. खाली उतरते. तेथील जलपाशांसह कंपनीचे काम १८०२ मध्ये पूर्ण झाले. पण नदी उन्हाळ्यात आटे आणि वसंतात फुगे, त्यामुळे वर्षातील थोडेच दिवस नावा चालत. नदीच्या लहरीवर अवलंबून न राहणारा, काठाने जाणारा स्वतंत्र कालवा हवा, हा धडा या अपयशातून मिळाला. १८२५ मध्ये चेसापीक अँड ओहायओ कालवा कंपनीला सनद मिळाली. नावाप्रमाणे तिचा कालवा पर्वत ओलांडून ओहायओच्या खोऱ्यात, पिट्सबर्गपर्यंत जावयाचा होता.

४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या हस्ते लिटल फॉल्सजवळ खोदकामाचा प्रारंभ झाला. पहिल्याच घावाला कुदळ झाडाच्या मुळाला अडली. पुन्हापुन्हा प्रयत्न करूनही यश येईना, तेव्हा अध्यक्षांनी अंगातील कोट उतरवून ठेवला आणि माती उकरूनच दाखविली. जमलेल्या समुदायास हे फार आवडले. त्याच दिवशी बॉल्टिमोर येथे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी हयात असलेले एकमेव गृहस्थ चार्ल्स कॅरल यांच्या हस्ते बॉल्टिमोर अँड ओहायओ रेल्वेचा पाया घातला जात होता. दोन्ही उपक्रमांचे गंतव्य एकच आणि वाटही बव्हंशी एकच होती. पॉइंट ऑफ रॉक्स येथे डोंगर थेट नदीत उतरतो आणि काठाला जेमतेम एका मार्गापुरती जागा उरते. त्या चिंचोळ्या पट्टीवरून दोन्ही कंपन्या न्यायालयात गेल्या. १८३२ मध्ये निकाल कालव्याच्या बाजूने लागला, तरी पुढच्याच वर्षी तडजोड होऊन रेल्वेलाही वाट मिळाली. न्यायालयात कालवा जिंकला. पण रेल्वे कंबर्लंडला १८४२ मध्ये पोहोचली आणि कालवा १८५० मध्ये. तोवर सु. एक कोटी दहा लाख डॉलर खर्च झाले होते. पर्वत ओलांडण्याचा बेत तेथेच सोडून देण्यात आला.

बांधकामाचा इतिहास कष्टाचा व मृत्यूचा आहे. मजूर मुख्यतः आयर्लंडमधून आणलेले होते. १८३२ च्या उन्हाळ्यात पटकीची साथ कालव्याच्या कडेने वर सरकली आणि तिने अनेकांचा बळी घेतला. १८३४ मध्ये विल्यम्सपोर्टजवळ आयरिश मजुरांच्या दोन गटांत रक्तपात झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॅक्सन यांनी संघराज्याचे सैन्य पाठविले. कामगारांच्या तंट्यात केंद्रीय सैन्य उतरविण्याचा त्या देशातील हा पहिला प्रसंग मानतात. आज ज्या निवांत वाटेवरून कुटुंबे मुलाबाळांसह सायकली हाकतात, तिच्या कडेला असलेल्या जुन्या दफनभूमी या इतिहासाशी निगडित आहेत.

कालव्याची रचना समजून घेतल्याखेरीज सायकलस्वारांना ही वाट इतकी सोयीची का, हे कळत नाही. जॉर्जटाउनपासून कंबर्लंडपर्यंत कालवा सु. १८४ मी. चढतो. हा चढ ७४ जलपाशांत विभागलेला आहे. जलपाश म्हणजे दोन्ही बाजूंस दारे असलेला दगडी हौद. त्यात नाव घेऊन पाणी भरले की ती वरच्या पातळीवर येते आणि पाणी सोडले की खालच्या पातळीवर जाते. दर जलपाशाला सरासरी अडीच मी. चढ आणि दोन जलपाशांमधील वाट जवळजवळ सपाट, असा हा जिना आहे. ओझे ओढणाऱ्या जनावराला चढ नको, एकसारखी चाल हवी. स्थापत्यविशारदांनी वाट आखली ती या गरजेने. सायकलस्वाराची गरज नेमकी तीच असते. त्यामुळे जेथे जलपाशरक्षकाचे पांढरे दगडी घर दिसते तेथे थोडासा उंचवटा चढावा लागतो आणि पुढे पुन्हा कित्येक किमी. पाय न थकता जाता येते. वाट बहुतेक ठिकाणी नदी व कालवा यांच्या मध्ये आहे. एका हाताला वाहते पाणी आणि दुसऱ्या हाताला शेवाळलेला, झाडे उगवलेला कोरडा किंवा साचलेल्या पाण्याचा खंदक, असे दृश्य दिवसभर सोबत राहते.

नावा सु. २८ मी. लांब व साडेचार मी.हून किंचित कमी रुंद असत. जलपाशाच्या भिंतींत त्या जेमतेम मावत. एका नावेत सव्वाशे टनांच्या आसपास कोळसा मावे. नावेचा तांडेल सहसा कुटुंबासह नावेवरच राहत असे. बायको स्वयंपाक सांभाळून सुकाणू धरी आणि मुले खेचरांबरोबर अनवाणी चालत. खेचरांच्या दोन जोड्या आळीपाळीने जुंपल्या जात व विश्रांती घेणारी जोडी नावेतल्याच पागेत उभी असे. कंबर्लंडहून जॉर्जटाउनला पोहोचण्यास पाचसहा दिवस लागत. आजचा साधारण सायकलस्वार सामानासह हे अंतर तीन ते पाच दिवसांत तोडतो. म्हणजे वेगात फार मोठा फरक पडलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १८७० नंतरच्या दशकात कालव्यावरील वाहतूक कळसाला पोहोचली आणि १८७५ मध्ये वर्षाला दहा लाख टनांच्या जवळपास गेली.

या वाटेवरील स्थापत्याचे दोन नमुने विशेष उल्लेखनीय आहेत. पोटोमॅकला मिळणाऱ्या उपनद्यांवरून कालव्याचे पाणी नेण्यासाठी अकरा दगडी जलसेतू बांधले गेले. त्यांपैकी मनॉकसी नदीवरील सात कमानींचा, सु. १५७ मी. लांबीचा जलसेतू (१८३३) सर्वांत मोठा आहे. जवळच्या शुगरलोफ डोंगरातील फिकट गुलाबी छटेच्या पांढऱ्या दगडाचा तो आहे. यादवी युद्धात, सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने तो सुरुंगाने उडविण्याचा प्रयत्न केला. पण बांधकाम इतके पक्के की तो बेत सोडून द्यावा लागला. तेव्हा न पडलेला हा सेतू पुढे १९७२ च्या ॲग्नेस चक्रीवादळाच्या पुराने इतका खिळखिळा झाला, की तो लोखंडी पट्ट्यांनी व सळ्यांनी आवळून धरावा लागला. तीन दशके तो त्याच अवस्थेत उभा होता. २००५ मध्ये दुरुस्ती पूर्ण झाली आणि कमानी पुन्हा मोकळ्या दिसू लागल्या.

दुसरा नमुना म्हणजे पॉ पॉ बोगदा. येथे नदी सापासारखी वळणे घेते. ती टाळण्यासाठी डोंगरातून ९५० मी. लांबीचा बोगदा काढण्याचे ठरले. १८३६ मध्ये सुरू झालेले हे काम दोन वर्षांत संपेल अशी अपेक्षा होती. ते संपण्यास चौदा वर्षे लागली. ठिसूळ खडक, मजुरांची थकलेली मजुरी आणि त्यातून उद्‌भवलेल्या दंगली यांनी कंत्राटदाराचे दिवाळे निघाले. बोगद्याला आतून साठ लाखांवर विटांचे अस्तर आहे. आत एकाच नावेपुरती जागा असल्याने समोरासमोर आलेल्या दोन तांडेलांपैकी कोणीच माघार घेईना आणि दिवसचे दिवस वाहतूक अडून राहिली, अशी गोष्ट सांगितली जाते. ती हकीकत शब्दशः खरी असो वा नसो, जागा पाहिल्यावर पटते. सायकलस्वाराला येथे उतरून, हाती दिवा घेऊन चालावे लागते. अरुंद वाटेच्या लाकडी कठड्यावर दोरांच्या घर्षणाने पडलेल्या खाचा बोटांना लागतात. ‘पॉ पॉ’ हे नाव या खोऱ्यात विपुल आढळणाऱ्या एका लहान झाडावरून पडले आहे. नावसाधर्म्यामुळे ते पपईचे झाड असल्याचा समज होतो, तो चुकीचा आहे. हे झाड सीताफळाच्या कुलातील असून त्याच्या मऊ, पिवळसर गराची व मोठ्या काळ्या बियांची रचना सीताफळाची आठवण करून देते. सप्टेंबरमध्ये ही फळे पिकून वाटेवर पडतात.

हार्पर्स फेरी येथे शेनँडोआ नदी पोटोमॅकला मिळते. गुलामगिरीच्या विरुद्ध जॉन ब्राउन याने १८५९ मध्ये केलेला उठाव याच गावातला. पोटोमॅक ही गुलामगिरीच्या दक्षिणेची आणि उत्तरेच्या युद्धकालीन सरहद्दीसारखी होती. त्यामुळे कालवा, त्याचे बंधारे आणि ओढवाट ही युद्धकाळात वारंवार हल्ल्यांचे लक्ष्य बनली. गुलामीतून पळून उत्तरेकडे निघालेल्या काही माणसांनीही रात्रीच्या अंधारात दिशा न चुकण्यासाठी याच कालव्याचा आधार घेतल्याच्या नोंदी आहेत.

रेल्वेशी स्पर्धा करीत कालवा कसाबसा तगला होता. त्याला खरा धक्का दिला तो नदीने. १८८९ च्या मे-जून महिन्यांत आलेल्या महापुराने काठ, जलपाश व बंधारे उद्‌ध्वस्त केले आणि कंपनी बुडाली. तिची मोठी धनको असलेली बॉल्टिमोर अँड ओहायओ रेल्वे न्यायालयामार्फत कालव्याची सूत्रधार झाली. तिने कालवा दुरुस्त करून पुन्हा चालू केला. ही कृती वरवर पाहता विस्मयकारक वाटते. पण कालवा मेला असता तर त्याची जमीन वेस्टर्न मेरिलंड या प्रतिस्पर्धी रेल्वेच्या हाती पडली असती. १९२४ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा मात्र दुरुस्ती करण्यात आली नाही. १९३८ मध्ये आर्थिक अडचणीत सापडलेल्या रेल्वेने संपूर्ण कालवा केंद्र सरकारला वीस लाख डॉलरला विकला. मंदीच्या काळात बेकार तरुणांसाठी काढलेल्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या योजनेतील कृष्णवर्णीय तरुणांच्या दोन तुकड्यांनी वॉशिंग्टन ते सेनेका हा सु. ३५ किमी.चा भाग खणून, बांधून पुन्हा पाण्याखाली आणला. १९४२ च्या पुराने त्यातील बरेच काम वाहून नेले.

येथे सायकलीच्या इतिहासाकडे थोडे वळावे लागते. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी सारख्या आकाराच्या दोन चाकांची ‘सेफ्टी’ सायकल प्रचारात आणली व १८८८ मध्ये डनलप यांनी हवा भरलेल्या धावेचे एकस्व घेतले. त्यानंतर दूरचा सायकलप्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. अमेरिकेत १८८० मध्ये स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या सायकलस्वारांच्या संघटनेने चांगल्या रस्त्यांसाठी देशव्यापी चळवळ केली. रस्ते झाले, परंतु ते पुरते तयार होईतो मोटारगाडी आली आणि ज्यांनी रस्ते मागितले त्यांनाच त्यांवरून कडेला सरकावे लागले. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत सायकल हे बहुतांशी मुलांचे खेळणे बनले होते. मोटारी नाहीत अशी सलग, लांब वाट सायकलस्वाराला उरली होती ती जुन्या कालव्यांच्या काठी आणि पुढे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर. यूरोपातही हेच घडले. डॅन्यूबच्या काठी प्रवाहाविरुद्ध नावा ओढणाऱ्या घोड्यांच्या वाटा पासाऊ ते व्हिएन्ना या टप्प्यात १९८० नंतरच्या दशकात सायकलींना खुल्या झाल्या आणि तो मार्ग त्या खंडातील अत्यंत लोकप्रिय मार्गांपैकी एक ठरला.

पोटोमॅकच्या ओढवाटेला मोटारीचा धोका १९५० मध्ये उत्पन्न झाला. राष्ट्रीय उद्यान सेवा व सार्वजनिक रस्ते विभाग यांच्या अहवालात कालव्याच्या जमिनीवरून निसर्गरम्य मोटार-रस्ता काढण्याची शिफारस होती. ही कल्पना त्या काळी दुष्ट मानली जात नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. वृद्ध माणसे, लहान मुले असलेली कुटुंबे, सुट्टीचा एकच दिवस हाती असलेले कामगार यांना मोटारीतून का होईना खोरे पाहता यावे, हा त्यामागील युक्तिवाद होता व त्यात तथ्य होते. जानेवारी १९५४ च्या आरंभी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने अग्रलेखातून रस्त्याला पाठिंबा दिला. त्याला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी पत्राने उत्तर दिले. राजधानीच्या दारातील ही शांत वाट रस्ता होताच नष्ट होईल, असे सांगून त्यांनी अग्रलेख लिहिणाऱ्या संपादकांना आपल्याबरोबर कालव्याची संपूर्ण लांबी चालून पाहण्याचे आवाहन केले. संपादकांनी ते स्वीकारले. २० मार्च १९५४ रोजी कंबर्लंडच्या बाजूने पन्नासांवर माणसे निघाली. थंडी, पाऊस व बर्फ यांमुळे त्यांतील बहुतेक गळाली. आठव्या दिवशी वॉशिंग्टनला पोहोचेतो अखेरपर्यंत टिकून राहिलेले, डग्लस धरून, नऊच जण होते. संपादकांच्या पायांना फोड आले आणि त्यांना मध्येच थांबावे लागले. पण परतल्यावर वृत्तपत्राने आपली भूमिका बव्हंशी बदलली.

या पदयात्रेने एका दिवसात सर्व काही साधले, अशी समजूत रूढ आहे. ती अपुरी आहे. उद्यान सेवेने मोटार-रस्त्याची कल्पना १९५६ मध्ये सोडली. १८ जानेवारी १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहौअर यांनी कालव्याचा वरचा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला. परंतु संसदेत उद्यानाचा कायदा आणखी दहा वर्षे रखडला. याचे एक कारण पाण्याचा प्रश्न होते. लष्कराच्या स्थापत्य विभागाने पोटोमॅकवर धरणांची मालिका सुचविली होती व त्यांतील सेनेका येथील धरणाने कालव्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला असता. डग्लस यांच्या यात्रेतून निर्माण झालेली समिती १९५७ मध्ये ‘सी अँड ओ कालवा संघ’ या नावाने कायम झाली. तिने वर्षानुवर्षे वसंतात पदयात्रा काढून हा विषय जागता ठेवला. प्रसिद्ध यात्रेपेक्षा या चिकाटीचे श्रेय अधिक आहे असे म्हणावे लागते. ८ जानेवारी १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा कायदा झाला आणि १९७७ मध्ये उद्यान डग्लस यांना अर्पण करण्यात आले. उद्यानाची जमीन सु. आठ हजार हेक्टर आहे. तिच्यासाठी नदीकाठच्या खाजगी मालकांची घरे व जमिनी सरकारने घेतल्या. काहींना तहहयात किंवा ठराविक वर्षे राहण्याची मुभा देण्यात आली, तरी विस्थापनाची कटुता त्या भागात दीर्घकाळ टिकली. उद्यानाच्या गौरवपर लेखनात ही बाजू सहसा येत नाही.

आजच्या वाटेचा पृष्ठभाग माती व बारीक खडीचा आहे. पाऊस पडल्यावर काही भागांत चिखल होतो आणि अरुंद धावांच्या सायकलींची दैना होते. ठराविक अंतरावर मुक्कामाच्या जागा असून तेथे हातपंप व तंबू ठोकण्यापुरती मोकळी जागा असते. हिवाळ्यात पंप बंद असतात. पादचारी व घोडेस्वार यांना सायकलस्वाराने वाट द्यावी आणि जलसेतूंवरून उतरून चालावे, असा नियम आहे. कंबर्लंड, हॅन्कॉक, विल्यम्सपोर्ट, ब्रन्सविक यांसारखी कालव्यावर व रेल्वेवर वाढलेली आणि त्यांच्याबरोबर खचलेली गावे आता सायकलस्वारांच्या मुक्कामांवर काही प्रमाणात सावरली आहेत. मात्र कोळशाच्या व रेल्वेच्या काळातील रोजगार या पर्यटनाने भरून निघाला, असे मानणे धाडसाचे होईल. विल्यम्सपोर्ट येथील जलसेतूची एक भिंत १९२० मध्ये नावेच्या धडकेने कोसळली होती. ती बांधून २०१९ मध्ये सेतूत पुन्हा पाणी सोडण्यात आले.

नदीशी असलेले वैर संपलेले नाही. ज्या सपाटीमुळे वाट सुगम, तीच पूरमैदानाची सपाटी आहे. १९७२ च्या पुरानंतर जानेवारी व सप्टेंबर १९९६ असे एकाच वर्षात दोन महापूर आले आणि स्वयंसेवकांनी व उद्यान सेवेने वर्षानुवर्षे केलेले काम वाहून गेले. बिग स्लॅकवॉटर या ठिकाणी कालवा नव्हताच. बंधाऱ्याने तुंबविलेल्या नदीतूनच नावा जात व वाट कड्याच्या पायथ्याशी पाण्याला चिकटून होती. ती पुरांनी तोडली. वाहतूकमुक्त म्हणून ख्याती असलेल्या मार्गावरील सायकलस्वारांना तेथे कित्येक वर्षे मोटारींच्या वळणावळणाच्या रस्त्यावरून सु. सात किमी.चा वळसा घ्यावा लागे. २०१२ मध्ये पाण्याच्या कडेने काँक्रीटची नवी वाट बांधून तो दुवा जोडला गेला. अशा कामांचा खर्च दर पुरागणिक करावा का, हा प्रश्न उद्यानाच्या अंदाजपत्रकात सतत उभा असतो.

कालव्याला जे जमले नाही ते, म्हणजे पर्वत ओलांडून पिट्सबर्ग गाठणे, सायकलमार्गाने अखेर साधले. वेस्टर्न मेरिलंड रेल्वेने कंबर्लंडपासून कॉनल्सव्हिलपर्यंतचा आपला मार्ग १९१२ मध्ये पूर्ण केला होता. ती रेल्वे पुढे आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्याच समूहात गेल्यावर दोन समांतर मार्गांची गरज उरली नाही आणि १९७५ मध्ये हा मार्ग बंद झाला. त्याच सुमारास अमेरिकेत ठिकठिकाणी रूळ उखडले जात होते. विस्कॉन्सिन राज्यातील एल्‌रॉय–स्पार्टा या जुन्या रेल्वेमार्गाचे १९६० नंतरच्या दशकात सायकलपथात झालेले रूपांतर सर्वांसमोर होते. अडचण जमिनीची होती. रेल्वेकडे कित्येकदा जमिनीची मालकी नसून केवळ वहिवाटीचा हक्क असे व रेल्वे थांबताच जमीन मूळ मालकांच्या वारसांकडे जाई. १९८३ च्या कायद्याने बंद मार्ग भावी रेल्वेसाठी ‘राखून’ दरम्यान त्यांचा वाटा म्हणून उपयोग करण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ती वैध ठरविली, पण मालकांना नुकसानभरपाई मागण्याचा मार्गही मोकळा ठेवला. यॉकगेनी नदीच्या दरीतील मार्ग मात्र एका निसर्गसंरक्षक संस्थेने थेट विकत घेतला होता. त्यावरील ओहायोपाइलजवळचा पहिला टप्पा १९८६ मध्ये सायकलींना खुला झाला.

‘ग्रेट अलेगेनी पॅसेज’ या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग पिट्सबर्गपर्यंत पूर्ण होण्यास त्यानंतर सत्तावीस वर्षे लागली. २०१३ मध्ये तो पुरा झाला. लांबी सु. २४१ किमी. पोटोमॅकच्या वाटेसह एकूण सु. ५४० किमी.चा, मोटारींशी जवळजवळ संबंध न येणारा प्रवास त्यामुळे शक्य झाला आहे. कंबर्लंडहून निघालेला सायकलस्वार पहिल्या ३८ किमी.त ५०० मी.हून अधिक चढून ७२९ मी. उंचीवरील जलविभाजकापाशी येतो. रेल्वेच्या इंजिनासाठी आखलेला असल्याने हा चढ कोठेही दोन टक्क्यांवर जात नाही. पलीकडे यॉकगेनीच्या दाट झाडीच्या दरीतून उतरण लागते. कॉनल्सव्हिलच्या परिसरात झाडोऱ्यात दडलेल्या कोकभट्ट्यांच्या रांगा दिसतात आणि जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्याने वाटेकडेचे दगड नारिंगी झालेले आढळतात. खोऱ्याचे सौंदर्य वर्णिताना या खुणा वगळण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते दरीचा खरा इतिहास त्यांच्यातच वाचावयास मिळतो. पिट्सबर्गच्या अलीकडे वाट होमस्टेड येथून जाते. तेथे १८९२ मध्ये पोलाद कामगार व कारखानदारांचे सशस्त्र पहारेकरी यांच्यात प्राणघातक झुंज झाली. त्या जागेवरील पंपघर अजून उभे आहे.

बोगद्यांच्या बाबतीत एक नवाच पेच निर्माण झाला आहे. पोटोमॅकच्या काठी, ओढवाटेला समांतर, वेस्टर्न मेरिलंडच्या जुन्या रुळांच्या जागी आणखी एक डांबरी सायकलपथ आहे. त्यावरील इंडिगो बोगद्यात वटवाघळे हिवाळी निद्रा घेतात. त्यांना उपद्रव होऊ नये म्हणून बोगदा सायकलींना उघडलेला नाही व तेवढ्यापुरते ओढवाटेवर उतरून पुढे जावे लागते. याउलट जलविभाजकाजवळील १,००४ मी. लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा मोठ्या खर्चाने दुरुस्त करून २००६ मध्ये खुला करण्यात आला आणि त्याच वर्षी पॅसेजचा मार्ग कंबर्लंड येथे ओढवाटेस येऊन मिळाला. आत झिरपणारे पाणी गोठून अस्तराला तडे जाऊ नयेत म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत या बोगद्याची दोन्ही तोंडे दारांनी बंद ठेवतात.